आधी वाऱ्याची वाट काढ

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सुपरकारची चित्रं पाहिली. हात सुरेख आहे. मागच्या चाकाच्या कमानीवरून शेपटाकडे उतरणारी रेघ तर मी पुन्हा पुन्हा बघितली. पण वारा आत कुठून शिरतो आणि तापून बाहेर कुठून पडतो, हे एकाही चित्रात दिसलं नाही. सीटमागे हजार अश्वशक्तीचं इंजिन, आणि भोवती बॉडी इतकी आवळलेली की हात घालायलाही जागा नाही.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच कामी येतो. उरलेली उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. बुगाटी वेरॉनला १० रेडिएटर दिले ते हौसेखातर नव्हे. खंबाटकी घाटाच्या चढावर बॉनेट उघडून उभे असलेले ट्रक आपण सातारकर कायम बघतो. तिथेही दुखणं हेच: इंजिनावर पूर्ण जोर, आणि वेग कमी म्हणून रेडिएटरच्या जाळीतून वारा पुरत नाही.

लॅम्बोर्गिनीची काउंटाश नीट अभ्यास. १९७१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तिचं पहिलं रूप मांडलं, मार्चेल्लो गांदिनीने रेखलेलं. अंगावर एकही अडथळा नाही. इंजिनाच्या हवेसाठी बाजूला नुसत्या माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी. चाचण्यांत इंजिन तापायला लागलं. १९७४ मध्ये गाडी विक्रीला आली तेव्हा खांद्यांवर चौकोनी तोंडं उभी होती आणि दारापासून मागे खोल खाच गेली होती. आज काउंटाश म्हटलं की डोळ्यांपुढे तीच तोंडं येतात. (ती पहिली गाडी पुढे धडक-चाचणीत गेली. मला अजून हळहळ वाटते.)

म्हणून गाडीचा उभा छेद काढ. आधी रेडिएटर, मग त्याच्यापर्यंतचा बोगदा. बोगदा जाळीकडे रुंद होत जाऊ दे, म्हणजे वारा मंदावतो, दाब वाढतो आणि जाळीतून सगळीकडे सारखा जातो. जाळीमागे तो पुन्हा निमुळता कर, आणि शेवटचं तोंड बॉडीवर जिथे दाब कमी तिथेच उघड. नुसतं पुढचं तोंड मोठं करून भागत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याला लागणारी ताकद आठपट. प्रत्येक भोकाची किंमत मोजावी लागते.

एक काम लगेच कर. घरच्या गाडीच्या बॉनेटवर, छतावर, मागच्या काचेवर लोकरीचे बोटभर धागे सेलोटेपने चिकटव. पहाटे कोरेगाव रस्ता मोकळा असतो. कुणाला तरी बेताने चालवायला सांग आणि शेजारच्या गाडीतून फोटो काढ. बॉनेटवर धागे सरळ मागे झोपतील. मागच्या काचेवर काही उलटे फिरतील, थरथरतील. तिथे वाऱ्याने बॉडी सोडलेली असते, तिथे आत घेणारं तोंड ठेवू नकोस.

पुढच्या खेपेला छेद पाठव. रंग, चकाकी, चाकाची डिझाइन सध्या राहू दे.