गोव्यात तळमजल्यावर व्हिनाइल फ्लोअरिंग टिकेल का?

तुमचं घर फोंड्याला तळमजल्यावर, फरशी जुनी मोझेकची. आईचे गुडघे दुखतात, थंड फरशीवर पाय ठेववत नाही. म्हणून वरून व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकचं आच्छादन, टाकावं का, आणि टाकलं तर निगा कशी राखावी, असं तुम्ही विचारलंय. टाकू नका असं मी म्हणणार नाही. पण दुकानात जायची घाई करू नका, एक पावसाळा जाऊ द्या.

आमचं घर डिचोलीला, जुनं, चिऱ्यांचं. मे महिन्यात सासूबाईंच्या खोलीत लाकडासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या. बसवणारा म्हणाला, "माल वॉटरप्रूफ आहे, काही बघायला नको." माल वॉटरप्रूफ होताच. चवथीच्या आधी साफसफाई करताना मागच्या भिंतीकडच्या दोन पट्ट्या पायाखाली पचपचायला लागल्या. सुरीच्या टोकाने एक उचलली, तर खालचा गोंद पातळ पिठल्यासारखा झालेला, फरशीच्या सांध्यांवर मिठासारखे पांढरे क्षार, आणि कुबट वास. वरून पाण्याचा थेंब सांडला नव्हता. ओल जमिनीतून आली होती.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जुन्या घरांत फरशीखाली ओल अडवणारा थर बहुधा नसतो. एरवी ही ओल सांध्यांतून हळूहळू उडून जाते, म्हणून कळत नाही. वर व्हिनाइल बसलं की तिची वाट बंद होते, आणि सिमेंटातले क्षार घेऊन ती गोंदात शिरते.

म्हणून भर पावसात, जुलैमध्ये, एवढं करा. दीड फुटाचा चौकोनी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीजवळ, दोन-तीन सांधे झाकले जातील असा पसरा आणि चारी कडा टेपने बंद करा. किमान १६ तास ठेवायचा असतो, मी दोन दिवस ठेवते. पाणी प्लॅस्टिकच्या वर जमलं तर ते हवेतलं, पावसाळ्यात फरशीला घाम येतो तेच. त्याची काळजी नको. थेंब आतल्या बाजूला दिसले किंवा तेवढी फरशी काळपट पडली, तर ओल खालची. मग तिथे व्हिनाइल टाकूच नका. खाली प्लॅस्टिक अंथरून देतो असं कुणी सांगेल, पण ओल त्याच्याखाली कोंडतेच. अशा खोलीत आईंसाठी पलंगापाशी जाड सुती सतरंजी बरी, मात्र ती घसरणार नाही असं बघा.

फरशी कोरडी निघाली, तर खटक्याने एकमेकांत अडकणाऱ्या एसपीसी पट्ट्या घ्या. त्या चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीच्या असतात, गोंद लागत नाही आणि एखादी बिघडली तर काढता येते. दुकानदार एकूण जाडी सांगतो, तुम्ही वरच्या पारदर्शक थराची जाडी विचारा. झोपायच्या खोलीला ०.३ मिलिमीटर चालतो, हॉलला ०.५ हवा. पृष्ठभाग खरखरीत घ्या, गुळगुळीत चकचकीत नको, आईंचा पाय ओला असेलच कधीतरी. रोलमध्ये मिळणारं पातळ पीव्हीसी कार्पेट स्वस्त पडतं, पण खालच्या फरशीचा प्रत्येक उंचवटा त्यावर उमटतो.

बसवण्याआधी दोन मीटरची सरळ पट्टी फरशीवर ठेवून बघा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी असेल तर आधी लेव्हल करून घ्या, नाहीतर चालून चालून खटके तुटतात. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर फट सोडायला लावा, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. आणि सुताराला दार पावसाळ्यातल्या मापाने तासायला सांगा. मे महिन्यात मोकळं फिरणारं सागवानी दार जुलैत फुगतं आणि पट्ट्यांवर ओरखडा काढतं.

निगेत सगळ्यात मोठा वैरी म्हणजे आपली तांबडी माती. तिच्यातले बारीक खडे चपलेबरोबर आत आले की कानशीसारखे घासतात. म्हणून दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं ठेवा आणि रोज आधी झाडू, मगच पोछा. पोछा घट्ट पिळलेला हवा. मोझेकवर बादली ओतून धुवायची सवय असते, ती सोडावी लागेल, कारण पाणी कडेच्या फटीतून खाली जातं. सौम्य फ्लोअर क्लीनर पुरतो. फिनाईलचा चिकट थर बसतो, ॲसिड आणि थिनर तर जवळ आणूच नका. रबराच्या तळाचं पायपुसणं व्हिनाइलवर ठेवू नका. रबरातल्या रसायनाने पिवळा डाग पडतो, तो आतून असतो, कशानेच निघत नाही. आमच्या न्हाणीच्या दाराशी तो अजून आहे.

देवघरासमोर समई पाटावर ठेवा. निरांजनातली पेटती वात पडली तर व्हिनाइल वितळतं. आमची तशी एक पट्टी बदलावी लागली, म्हणून बसवून झाल्यावर उरलेल्या चार-पाच पट्ट्या परत करू नका, माळ्यावर सपाट ठेवून द्या. तोच रंग पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.