सॉफ्टवेअर कंपन्यांचे कप्पे का बदलतात?

प्रश्न: गूगल आणि फेसबुक टेक कंपन्या असूनही शेअर बाजाराच्या यादीत आयटीमध्ये दिसत नाहीत, असं का?

उत्तर: छान प्रश्न विचारलात. एमएससीआय आणि एस अँड पी या शेअर बाजाराचे निर्देशांक बनवणाऱ्या कंपन्यांनी १९९९ मध्ये जीआयसीएस नावाची, कंपन्यांना व्यवसायानुसार कप्प्यांत टाकणारी वर्गवारी आणली, त्यात कंपनीचा कप्पा मुख्यतः ती कमाई कशातून करते यावर ठरतो. तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे डब्यातली सीडी, पण नंतर सगळंच इंटरनेटवर आलं, मग 'इंटरनेट सॉफ्टवेअर' हा वेगळा कप्पा ठेवण्यात काय अर्थ उरला? म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये तो काढूनच टाकला, आणि गूगल-फेसबुकचा पैसा जाहिरातींमधून येतो म्हणून त्यांना कम्युनिकेशन सर्व्हिसेसमध्ये (म्हणजे माध्यमं आणि दूरसंचाराच्या कप्प्यात) हलवलं, व्हिडिओ गेम बनवणारेही तिकडेच गेले. मार्च २०२३ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड आयटीतून फायनान्शियल्समध्ये गेले, जे मला तरी आधीच व्हायला हवं होतं असं वाटतं.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा, कंपनी आयटीच्या कप्प्यातून बाहेर गेली की या वर्गवारीवर चालणारा आयटी सेक्टरचा इंडेक्स फंडही (निर्देशांकात असतील तेच शेअर ठेवणारा फंड) त्या कंपनीचे शेअर विकतो, म्हणजे तुम्ही काहीच न करता तुमच्या फंडात काय आहे ते बदलतं, त्यामुळे सेक्टरचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना आधी तारीख बघा.