पायांची आग आणि सी फायबर

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नर्व्ह कंडक्शनचा, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल, आणि खानापूरकडच्या त्या मावशी म्हणतात की रात्री पायांची आग होते, पांघरूणसुद्धा सोसत नाही. खरं कुणाचं, असं तू विचारलंस. दोघांचंही. ती तपासणी नसांमधल्या जाड, वेगवान तंतूंची असते. आग ज्यांच्यामुळे होते ते बारीक, संथ तंतू, म्हणजे सी फायबर, तिच्यात सापडतच नाहीत. त्यामुळे वॉर्डात कुणी ‘मनाचं आहे’ म्हणालं तरी तू तसं केसपेपरवर लिहू नकोस.

तंतूंची ए, बी, सी ही वर्गवारी एर्लांगर आणि गॅसर यांची. त्यांना १९४४ चं नोबेल मिळालं. मानेतल्या सी-५, सी-६ या नसांच्या मुळांशी या ‘सी’चा काडीचाही संबंध नाही. तोंडी परीक्षेत ही गल्लत हमखास होते, म्हणून आधीच सांगतो. सी फायबर सगळ्यांत बारीक, जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीचे, मायेलिनचं वेष्टण नसलेले. वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. स्नायूंकडे जाणारे ए-अल्फा ७० ते १२० मीटरने धावतात. उंबऱ्याला अंगठा ठेचला की आधी चटकन कळ येते, ती ए-डेल्टाची, म्हणजे ए गटातल्या बारीक तंतूंची. मागून सावकाश येऊन रेंगाळणारी जळजळ सीची.

संकेश्वरी मिरचीचे देठ खुडल्यावर हातांची जी आग होते, तीही याच तंतूंची करामत. मिरचीतलं कॅप्सेसिन त्यांच्या टोकावरचा टीआरपीव्ही-१ हा रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं दार, उघडतं, आणि तोच रिसेप्टर साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. म्हणून मेंदूला खबर जाते ती भाजल्याची. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हा रिसेप्टर शोधला. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच. नसांच्या दुखण्यावर कॅप्सेसिनचं मलम आणि ८ टक्क्यांचा पॅच वापरतात, कारण भरपूर मारा झाला की ही टोकं काही काळ थंडावतात. मावशींना मात्र हे सांगू नकोस, घरी मिरची वाटून पायांना लावतील.

आता तपासणीचं. घोट्याचा रिफ्लेक्स, बोटांची ताकद, ट्यूनिंग फोर्कचं कंपन ही सगळी जाड तंतूंची कामं. ती नीट असली तर थांबू नकोस, खरी तपासणी तिथून पुढे आहे. टाचणीचं टोक टोचतं का बघ, ते ए-डेल्टाकडे. मग दोन परीक्षानळ्या घे, एकीत कोमट पाणी, दुसरीत गार, आणि मावशींना डोळे मिटायला सांग. कोमट ओळखणं सीकडे, गार बहुतेक ए-डेल्टाकडे. तळवा कोरडा पडलाय का, भेगा वाढल्यात का, तेही हात लावून बघ. घामग्रंथींकडे जाणारे तंतूही सी गटातलेच. एवढ्यावर शंका उरलीच तर घोट्याच्या वर १० सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरची त्वचेची बायोप्सी घेऊन तंतू मोजता येतात.

साखर तपासच, मधुमेहाचं निदान व्हायच्या आधीच्या टप्प्यातही ही आग सुरू होऊ शकते. बी-१२ आणि थायरॉइडही बघ. आणि चट्टे शोध, कोपराजवळची आणि गुडघ्याबाहेरची नस चाचपून बघ. कुष्ठरोगात चट्ट्यावरचं गरम-गार कळणं लवकर जातं, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईला फोड आल्यावरच भाजल्याचं समजतं. हा आजार संपला असं समजून आपण त्याचा विचारच करत नाही, ते मला धोक्याचं वाटतं.

निपाणी-चिकोडीकडची माणसं एका वाक्यात मराठी-कन्नड दोन्ही बोलतात. ‘उरी’ म्हणजे आग, ‘जोमु’ म्हणजे मुंग्या. दोन्ही एकाच रकान्यात ‘बधिरपणा’ म्हणून कोंबू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा नोंदी घेऊन ये. आणि फोर्क विकत घेणार असशील तर १२८ हर्ट्झचा घे. ५१२ चा कानांसाठी असतो.

तुझा,
डॉक्टरकाका