फिट येणाऱ्या मुलीला समर कॅम्पला पाठवू का?

प्रश्न: मुलगी 10 वर्षांची, एपिलेप्सी आहे, गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू. शेवटची फिट दिवाळीनंतर आली होती. मे महिन्यात वर्गातल्या मुली गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात 4 दिवसांच्या कॅम्पला चालल्यात, राहायचं तिथेच, नदीत पोहणं, रात्री शेकोटी वगैरे, आणि हिने घर डोक्यावर घेतलंय. सासूबाई म्हणतात पाठव पण आजाराचं सांगू नको, उगाच बोभाटा होईल. हे म्हणतात पाठवूच नको. काय करू? – एक आई, डिचोली

उत्तर: ताई, सासूबाईंचं "पाठव" तेवढं ऐका, "सांगू नको" अजिबात ऐकू नका. लपवून पाठवलं आणि तिथे फिट आली तर कांदा हुंगवणारे, हातात चावी देणारे, तोंडात चमचा घालणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि चमच्यानेच दात तुटतात.

आधी तिच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारा, पाठवू का आणि पोहू देऊ का. ते हो म्हणाले की कॅम्पवाल्यांना फोन लावा, सगळं सांगा आणि मग एकच विचारा, "फिट आली तर तुम्ही काय करणार?" आणि गप्प बसून ऐका. कुशीवर वळवू, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवू, दाबून धरणार नाही, तोंडात काही घालणार नाही, घड्याळ लावू आणि 5 मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर यायच्या आधीच दुसरी आली तर 108 ला फोन, असं काहीसं उत्तर आलं तर माणसं कामाची. "माहीत नाही, पण शिकवा" म्हणाले तरी चालेल. "काळजी करू नका, आमच्याकडे कधी काही झालं नाही" म्हणणाऱ्यांकडे मी तरी पाठवणार नाही.

आता नदी. मला खरी भीती पाण्याचीच वाटते, कारण फिट आली की मूल मदतीला हाक मारू शकत नाही, गपकन खाली जातं आणि गढूळ पाण्यात ते दिसतही नाही. त्यामुळे नदीला सरळ नाही म्हणा. लाइफगार्ड असलेला, तळ दिसणारा स्विमिंग पूल असेल आणि एक माणूस फक्त तिच्यावर नजर ठेवून, हात पोचेल इतक्या जवळ असेल तर, तेही डॉक्टर हो म्हणाले तरच. पाण्यात फिट आलीच तर नंतर ती ठणठणीत दिसली तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण छातीत पाणी गेलेलं असू शकतं.

शेकोटीला बसू दे, आगीपासून जरा लांब, पण जागरण नको. झोप मोडली आणि गोळी चुकली की फिट यायला वेळ लागत नाही, आणि कॅम्पमध्ये नेमकं हेच होतं, गाण्याच्या भेंड्या रंगतात आणि 8 ची गोळी 11 ला आठवते. गोळी कोण देणार त्या एका व्यक्तीचं नाव विचारून घ्या, "कुणीतरी देईल" नको. डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलम स्प्रे दिला असेल तर तो ऑफिसच्या कपाटात नको, सोबतच्या कॅम्पच्या ताईच्या कमरेच्या पाऊचमध्ये हवा, आणि कधी, किती मारायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. बंक बेड असेल तर खालचा. लुकलुकणाऱ्या लाइटमुळे फिट येणारी मुलं थोडीच असतात, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं नसेल तर डान्स नाईट बंद करू नका बिचारीची.

सत्तरीत आत गेलं की बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून एका रविवारी दोघंही जाऊन बघून या, मिस्टरांना तर न्याच. फोन कुठून लागतो, रात्री गाडी आणि ड्रायव्हर तिथेच असतो का, वाळपईच्या सरकारी हॉस्पिटलला पोचायला किती वेळ लागतो. रस्ता बघून पोटात गोळा आला तर यंदा पणजीत दिवसाचा कॅम्प शोधा, संध्याकाळी घरी, गोळी तुमच्या हातून, आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, जवळ. रुसेल दोन दिवस.

आणि खोलीतल्या एका मैत्रिणीला काय सांगायचं ते लेकीलाच ठरवू द्या. या वयाची मुलं मोठ्यांपेक्षा शांतपणे घेतात आणि ताईला हाक मारायला सगळ्यात आधी तीच धावणार आहे.