गळा चांगला, मग गाणं पत्र्याचं का वाटतं?

प्रश्न : सोमाली तरुण गायकांची गाणी मी यूट्यूबवर ऐकतो. गळे सुरेल आहेत, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. 1970-80 च्या दशकातली त्यांचीच गाणी मात्र भरदार. चूक कुठे होते? आम्ही मित्रही घरीच रेकॉर्डिंग करतो.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : जुन्या गाण्यांमागे माणसं होती. ‘वाबेरी’ हा सरकारी कलासंच, ‘दुर-दुर’ आणि ‘इफ्तिन’सारखे बँड, सगळे वादक एकत्र बसून वाजवत. 1991 मध्ये सरकार कोसळलं, वादक देशोदेशी पांगले आणि बऱ्याच ठिकाणी बँडची जागा एकट्या कीबोर्डवाल्याने घेतली. पैशाची तंगी आहेच, पण सगळा दोष तिच्या माथी मारू नका.

खरी गोम ट्रॅकमध्ये, म्हणजे गायकामागे वाजणाऱ्या तयार संगीतात असते. कीबोर्डवरचा ताल, बेस, उद या तंतुवाद्याचा (तिकडे त्याला कबन म्हणतात) नमुना-आवाज असं सगळं एकाच स्टिरिओ एमपी-3 मध्ये येतं. मग गळ्याला जागा करून द्यायला उद तेवढा खाली घेता येत नाही. गायक वर चढवला जातो आणि शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं साधन) सगळ्यालाच दाबतो. म्हणून ट्रॅक मागताना प्रत्येक वाद्याची वेगळी वेव्ह फाइल मागा, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. तालाच्या टाळ्या शक्यतो खऱ्या वाजवून घ्या. तीन-चार जणांनी दोनदा वाजवल्या तरी फरक लगेच कळतो.

दुसरी गोष्ट ऑटो-ट्यून, म्हणजे गायकाचा सूर आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर. सोमाली चाली बहुतांशी पाच स्वरांच्या. भूप किंवा दुर्गा ऐकणाऱ्याच्या कानाला त्या परक्या वाटत नाहीत. सॉफ्टवेअर बाराही स्वरांवर आणि रीट्यून स्पीड (सूर किती झटक्यात ओढायचा ते; शून्य म्हणजे तत्क्षणी) शून्यावर ठेवला, की मींड घेताना वाटेतल्या प्रत्येक स्वरावर आवाज अडकतो आणि पायऱ्या पडतात. चालीत नसलेले सात स्वर ‘रिमूव्ह’ केले, म्हणजे यादीतूनच काढले, तर त्याहून वाईट: वाटेतला सूर थेट शेजारच्या स्वरावर उडी मारतो. पाच स्वर चालू ठेवा, बाकीचे ‘बायपास’ करा (तिथे सॉफ्टवेअर सुराला हात लावत नाही) आणि स्पीड 50 च्या आसपास ठेवून कानाने जुळवा. एखादी ओळ तरीही बेसूर वाटली, तर ती पुन्हा गाऊन घ्या. तेच स्वस्त पडतं!

माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. सर्वात जोरातली तान रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे 10 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. 80-100 हर्ट्झखालचा खर्जातला आवाज कापा. शेवटचा मिक्स फार ठासू नका. यूट्यूब जोरातली गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसपर्यंत (हे गाण्याचा एकूण जोर मोजायचं माप) स्वतःच खाली आणतं. ठासून दाबलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, फक्त चपटं होतं.

प्रश्न : मे महिन्यात कूलर बंद करून गाणं अशक्य. त्याचा आवाज नंतर काढता येईल का?

उत्तर : थोडा. कूलरची घरघर खालपासून वरपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे खालचं कापून ती जात नाही. आणि नॉइज रिडक्शन जास्त लावलं की ‘स’, ‘श’ पाण्यात बुडल्यासारखे येतात. पहाटे खोली थंड असते तेव्हा कूलर-पंखा बंद करून चार-चार ओळी घ्या, मध्ये दार उघडा. मोकळ्या भिंतीवर गादी उभी करा, गायकाच्या पाठीमागे रजाई टांगा. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये गाणं सुरू होण्याआधी पाच सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं; उरलासुरला आवाज काढायला तोच नमुना लागतो.