सर्वरला गेमिंग बोर्ड चालेल का?

प्रश्न: सांगलीत आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आणि गोडाऊन आहे, १२ जण टॅलीवर बसतात. साधा पीसीच सर्वर म्हणून वापरत होतो, तो आता रोज हँग होतोय. व्हेंडर म्हणतो भारीतला गेमिंग मदरबोर्ड टाका. भाचा म्हणतो ऑनलाइन जुन्या झिऑनसकट (इंटेलचा सर्वरचा प्रोसेसर) एक्स९९ बोर्ड स्वस्तात मिळतोय, तो घ्या. काय करू?

उत्तर: दादा, दोन्ही नको. गेमिंग बोर्डचे पैसे लाइटिंग आणि ओव्हरक्लॉकिंगला (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला) जातात, तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि ते एक्स९९ म्हणजे बहुतेक २०१४ ते १६ च्या काळातले प्रोसेसर, बोर्ड कुठल्या तरी बिननावाच्या कंपनीचा, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट नाही, बिघडला तर दाद मागायला कोणी नाही. दुकानाचा सगळा हिशोब त्यावर ठेवायचा नाही.

तुम्हाला दोनच गोष्टी बघायच्यात. पहिली ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःची चूक पकडणारी रॅम. साध्या टेक्स्टमध्ये १ आणि ९ या आकड्यांच्या कोडमध्ये फक्त एका बिटचा (एका ० किंवा १ चा) फरक असतो, म्हणजे रॅममध्ये एक बिट उलटला तर १२,००० चे ९२,००० होऊ शकतात आणि मशीन काही बोलणारसुद्धा नाही. ईसीसीत डीडीआर४ (रॅमची एक पिढी, पुढची डीडीआर५) ला ६४ बिटमागे ८ जादा बिट असतात, एक बिट चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं तरी. डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते फक्त चिपच्या आतल्या आत असतं.

दुसरी आयपीएमआय, म्हणजे लांबून मशीन सांभाळायची सोय. बोर्डवर वेगळी छोटी चिप आणि बहुतेकदा वेगळा लॅन पोर्ट असतो, मशीन बंद पडलं तरी लांबून स्क्रीन दिसते, बायोसमध्ये जाता येतं, रीस्टार्ट करता येतं. माझा एक कस्टमर रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर मोबाइल काळ्या स्क्रीनसमोर धरून उभा होता, मला काहीच दिसेना, शेवटी दीड तास गाडी मारून गेलो तर बायोस एफ१ दाबायची वाट बघत होता. एवढंच! तेव्हापासून आयपीएमआय नसलेला बोर्ड मी सर्वरला सुचवतच नाही. फक्त तो पोर्ट थेट इंटरनेटला कधीच जोडू नका आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

तुमच्या कामाला एका प्रोसेसरचा सुपरमायक्रो किंवा एएसरॉक रॅकचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, झिऑन ई-२३०० किंवा ई-२४०० आणि १६ जीबीच्या दोन पट्ट्या पुष्कळ झाल्या. रॅम घेताना मात्र सांभाळा, या बोर्डांना ईसीसी यूडीआयएमएम प्रकारची पट्टी लागते. जुन्या सर्वरची डीडीआर४ आरडीआयएमएम (मोठ्या सर्वरची वेगळ्या प्रकारची पट्टी) स्वस्त मिळते, ई-२३०० च्या बोर्डच्या स्लॉटमध्ये बसते पण, आणि मग मशीन चालूच होत नाही.

लाइट गेल्यावर यूपीएस संपला तर, लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायचं सेटिंग बायोसमध्ये असतं, ते व्हेंडरकडून करून घ्या. आणि कोटेशनवर नुसतं 'सर्वर बोर्ड' लिहिलेलं असेल तर परत पाठवा, पूर्ण मॉडेल नंबर मागा. सुपरमायक्रोच्या नंबरात शेवटी 'एफ' असेल तर आयपीएमआय आहे असं समजा.