पान ९० वर अडलेली खूण

प्रश्न : पुरस्कार मिळालेली एक नवी कादंबरी वाचायला घेतली. भाषा इतकी सुंदर, की पानोपानी पेन्सिलीने खुणा केल्या. पण ९० पानांनंतर पुढे सरकवेना. नायिका खिडकीशी बसलीय, पाऊस पडतोय, तिला जुनं आठवतंय, एवढंच. वाचक म्हणून माझीच तयारी कमी पडते का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मुळीच नाही. मी २६ वर्षं तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. परत आलेलं पुस्तक मिटलेलं असतानाच कडेवरून कळायचं. पहिली पन्नासेक पानं मळलेली, पुढची कोरी करकरीत, मध्ये एसटीचं तिकीट. तुम्ही म्हणता तशा भाषेची कितीतरी पुस्तकं अशीच परत यायची. ‘बनगरवाडी’ची आमची प्रत मात्र दोनदा बांधून घ्यावी लागली. तिची कड शेवटच्या पानापर्यंत सारखी काळवंडलेली.

आता ‘बनगरवाडी’त (१९५५) तरी असं काय घडतं? धनगरांच्या वाडीवर पोरसवदा मास्तर येतो, लोकांच्या मदतीने तालीम उभी राहते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. व्यंकटेश माडगूळकरांची भाषा साधी, वहीत उतरून घ्यावीत अशी वाक्यं तुम्हाला फारशी सापडायची नाहीत. पण मेंढरं मरायला लागतात तेव्हा पोटात खड्डा पडतो, कारण तोवर त्या माणसांचा जीव कशात अडकलाय ते आपल्याला कळलेलं असतं. तुमच्या नायिकेला काय हवंय, तिचं काय जाणार आहे? ९० पानांत हे कळलं नसेल तर कंटाळा येणारच.

म्हणून सुंदर भाषेवर राग धरू नका. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) अलंकारांनी लगडलेली आहे. मला स्वतःला त्या उपमा जड जातात. तरी बाप पोटच्या पोराकडे तारुण्य मागतो, तिथे पुस्तक खाली ठेवणारा वाचक मला भेटलेला नाही.

खुणा केलेलं एखादं वाक्य पुन्हा काढा आणि ते वगळून मागचं-पुढचं वाचा. काहीच अडत नाही? अशी चार-पाच वाक्यं तपासा. सगळीकडे तेच झालं, तर आवडलेली वाक्यं वहीत उतरवून घ्या आणि पुस्तक खुशाल परत करा. मी टेबलाशी असते तर तिथल्या तिथे ‘बनगरवाडी’ तुमच्या नावावर चढवली असती.